आठव्या बिटातील मराठी : एका बोलीकोशाच्या जुन्या फाइलींचे स्थलांतर

कोकण किनाऱ्यावरील एका तालुक्यात मासेमारी, होड्यांची बांधणी, भातशेती आणि घरगुती व्यवहार यांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा संग्रह एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी अनेक वर्षे खपून केला होता. वह्यांतील नोंदी त्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत एका टंकलेखकाकडून संगणकावर चढवून घेतल्या. पुस्तक मात्र निघाले नाही, आणि पुढे बहुतेक वह्या वाळवीने खाल्ल्या. संकलकांच्या निधनानंतर त्यांच्या कन्येने जे साहित्य आमच्या संग्रहाकडे सोपवले, त्यात सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे एक खोके, थोड्या साडेतीन इंची फ्लॉप्या, बंद पडलेला संगणक, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सलग कागदावर काढलेला ‘अ’ ते ‘न’ एवढाच छापील मसुदा आणि एक सीडी होती. ही सीडी मधल्या काळात डीटीपीचे काम करणाऱ्या एका परिचिताने फ्लॉप्यांवरून करून दिली होती. तिच्यावरच्या फाइली उघडल्या की रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसे, त्यामुळे ‘फाइलींना व्हायरस लागला’ असा घरात समज झाला होता आणि सीडी केवळ आठवण म्हणून जपलेली होती.

कन्येची अपेक्षा साधी होती : सर्व नोंदी आजच्या संगणकावर वाचता, शोधता आणि संपादित करता याव्यात, म्हणजे कोश छापता येईल. हे काम करताना ज्या अडचणी आल्या, त्यांपैकी फार थोड्या फ्लॉपी नावाच्या वस्तूशी संबंधित होत्या. खरा गुंता होता तो मराठी मजकूर कोणत्या तक्त्याने आणि वर्डस्टार या जुन्या शब्दलेखन-प्रणालीच्या कोणत्या पद्धतीत साठवला गेला, हे ओळखण्याचा. त्यामुळे या टिपणातही त्याच भागाला अधिक जागा दिली आहे.

यंत्र आणि तबकड्या

जुना संगणक चालू करून पाहण्याचा मोह टाळला. त्या काळच्या मदरबोर्डांवर घड्याळ आणि सेटिंग जपण्यासाठी बसवलेली पुनर्भारणक्षम बॅटरी कालांतराने गळते आणि तिच्यातील क्षार आजूबाजूची तांब्याची वाट खाऊन टाकतो. येथेही बॅटरीभोवती हिरवट थर साचलेला होता. शिवाय वीजपुरवठ्याच्या डब्यातील जुने कपॅसिटर अचानक पूर्ण दाब दिल्यावर काय करतील, याचा भरवसा नसतो. यंत्र उघडून त्यातील जिस्ट कार्ड मात्र काळजीपूर्वक काढून घेतले, कारण फाइली कोणत्या पद्धतीने लिहिल्या गेल्या याचा तो सर्वांत भक्कम पुरावा होता.

या कार्डाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे जे काम आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने झाले, ते पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेत विस्तारले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉस या विंडोजपूर्व संचालन-प्रणालीवर चालणाऱ्या सर्वसाधारण इंग्रजी प्रणालींमध्येच देवनागरी टंकता आणि पाहता येत असे. याचा अर्थ असा की अक्षरे जुळवून दाखवण्याचे काम कार्ड करी आणि फाइलीत फक्त संकेतांक जात. कार्ड नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, तर डॉसच्या नेहमीच्या कोड पेज ४३७ या अक्षर-तक्त्यानुसार त्या अंकांच्या जागी तक्त्यांच्या चौकटी आखण्यासाठी असलेल्या एकेरी-दुहेरी रेघांचे तुकडे दिसत. फाइल धडधाकट असतानाही ती बिघडली आहे असे वाटण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

फ्लॉप्यांची अवस्था किनारी हवेत राहिलेल्या चुंबकीय वस्तूंची जशी असते तशीच होती. वाचनाच्या खिडकीतून पाहिले असता काही तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. अशी तबकडी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्यावर बसते, डोके तबकडीला ओरखडे पाडते आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक तबकडी त्याच डोक्याने खरवडली जाते. म्हणून आवरणाची एक कड कापून आतील चकती बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरून हलक्या हाताने पुसली, वाळवली आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात बसवून मगच वाचली. लेखन रोखणारी पट्टी प्रत्येक फ्लॉपीच्या खाचेवर आधीच चिकटवली होती. हे अनावश्यक वाटू शकते, परंतु जुन्या ड्राइव्हचे इलेक्ट्रॉनिक भाग कधी दगा देतील हे सांगता येत नाही.

बाजारात सहज मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची तबकड्यांसाठी असतात. सव्वापाच इंचीसाठी जुना १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह मिळवून तो ग्रीझवीझल या मुक्त आराखड्याच्या छोट्या पाटीमार्फत आजच्या संगणकाला जोडला. ही पाटी फाइली वाचत नाही; तबकडीवरील चुंबकीय दिशा किती वेळाने बदलते याची नोंद अनेक फेऱ्यांमध्ये घेते आणि सेक्टर (तबकडीवरील साठवणीचे छोटे तुकडे), फाइली वगैरे अर्थ नंतर सावकाश लावता येतो. एखादा सेक्टर एका फेरीत चुकला आणि दुसऱ्या फेरीत नीट आला, तर त्याच्या शेवटच्या तपासणी-अंकावरून बरोबर वाचन निवडता येते.

ड्राइव्हची निवड अनुभवाने ठरवलेली होती. संकलकांच्या काही ३६० किलोबाइटच्या फ्लॉप्या आधी चाळीस मार्गिकांच्या (ट्रॅकच्या) ड्राइव्हवर लिहिलेल्या आणि पुढे ऐंशी मार्गिकांच्या अरुंद डोक्याच्या ड्राइव्हवर दुरुस्त केलेल्या होत्या. अशा मार्गिकेत नवा मजकूर अरुंद पट्टीत असतो आणि त्याच्या कडेला जुन्या मजकुराचे अवशेष राहतात. रुंद डोके दोन्ही एकदम ऐकते व गोंधळते, अरुंद डोके बहुधा नवेच ऐकते. त्यामुळे मूळ ड्राइव्ह ३६० किलोबाइटचा होता म्हणून तोच शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

प्रत्येक तबकडीची कच्ची नोंद आणि तिच्यापासून बनवलेली ३,६८,६४० बाइटांची प्रतिमा अशा दोन्ही गोष्टी ठेवल्या, त्यांचा शा-२५६ ठसा, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा तपासणी-अंक, काढला आणि पुढचे सर्व काम प्रतींवरच केले. एका फ्लॉपीवरील लेप पहिल्या मार्गिकांवर इतका खरवडलेला होता की फाइलींची यादीच वाचता येईना. ‘प’ ते ‘भ’ या अक्षरांच्या नोंदी नेमक्या तिच्यावरच होत्या. छापील मसुदा ‘न’पाशी थांबलेला असल्यामुळे या नोंदींचा सलग पुरावा म्हणून उरली ती फक्त निरर्थक मजकुराची सीडी.

तीन जातींच्या फाइली

प्रतिमांतून फाइली बाहेर काढल्यावर त्यांच्या नावांवरून फारसा बोध होत नव्हता, कारण डॉसमध्ये नावाला आठ आणि पुढे तीन अशीच अक्षरे मिळत. प्रत्येक फाइलीतील बाइटांची वारंवारता मोजली आणि तीन गट आपोआप वेगळे झाले. (बाइट म्हणजे आठ बिटांचा, ० ते २५५ मधला एक अंक; आठवा बिट चालू असला की त्यात १२८ मिळवलेले असतात.)

पहिल्या गटात संकलकांची इंग्रजी पत्रे आणि ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधून उतरवलेले उतारे होते. हे वर्डस्टारच्या ‘डॉक्युमेंट’ पद्धतीत टंकलेले होते. वर्डस्टार १९७८ साली मायक्रोप्रो या कंपनीने आणला, आणि इंग्रजीला सात बिट पुरतात या हिशेबाने त्याच्या जुन्या आवृत्त्या आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत. शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू केला जाई, आणि ओळ आपोआप मोडली असेल तर ओळ संपल्याच्या १३ या अंकाऐवजी १४१ हा अंक येई. ठळक, अधोरेखित वगैरे खुणा नियंत्रण-अंकांनी, पान तोडण्याच्या आज्ञा ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन, आणि फाइलीचा शेवट २६ या अंकाच्या ओळीने भरून काढलेला. अशा फाइली सुधारण्याचा सर्वज्ञात उपाय म्हणजे प्रत्येक बाइटचा आठवा बिट शून्य करणे. इंग्रजीसाठी तो अचूक आहे, आणि पहिल्या गटाचे काम त्याने लवकर संपले.

दुसरा गट मुख्य कोशाचा. टंकलेखकाने तो वर्डस्टारमध्येच, पण ‘नॉन-डॉक्युमेंट’ पद्धतीत टंकला होता. त्या पद्धतीत वर्डस्टार आठव्या बिटाला हात लावत नाही, म्हणून जिस्ट कार्डाने दिलेले अंक जसेच्या तसे फाइलीत गेले. हे अंक इस्की या संकेतप्रणालीचे होते. १९८८ च्या रूपानंतर तिला १९९१ मध्ये आयएस १३१९४ या भारतीय मानकाचे स्वरूप मिळाले, आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीतील देवनागरी विभागाची मांडणीही १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे. इस्कीत देवनागरी अक्षरे १६१ ते २५० या अंकांत येतात. म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराचा आठवा बिट मुळातच चालू असतो. वर्डस्टारच्या फाइलींवरील प्रसिद्ध उपाय मराठीला मारक ठरतो तो यामुळेच. डीटीपीवाल्या परिचिताने इंग्रजी वर्डस्टार फाइली साफ करणारी प्रणाली सगळ्याच फाइलींवर चालवली होती, आणि सीडीवरची खिचडी ही तिची निष्पत्ती होती. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्या प्रणालीबरोबरच्या माहितीत मराठीचा विचार असण्याची शक्यताच नव्हती.

इस्कीच्या फाइली ओळखताना आणखी एक पायरी लागते. डॉसच्या यंत्रांवर चौकटींच्या रेघा शाबूत राहाव्यात म्हणून इस्कीचे पीसी-इस्की असे एक रूप होते, ज्यात १७६ ते २२३ हा पट्टा मोकळा सोडून अक्षरे दोन भागांत विभागलेली असत. फाइलीत या पट्ट्यातील अंक मुबलक दिसले तर ती साधी इस्की, आणि त्याच्या वरखाली गर्दी असून नेमका हा पट्टा रिकामा दिसला तर पीसी-इस्की, ही परीक्षा पुरेशी ठरते. येथील कोश साध्या इस्कीत होता.

तिसरा गट साडेतीन इंची फ्लॉप्यांवरचा, विंडोजच्या काळातला : प्रस्तावना आणि परिशिष्टे, पेजमेकर ६.५ या पाने मांडण्याच्या प्रणालीत. त्याचा प्रश्न स्वतंत्र असल्यामुळे तो शेवटी घेतला आहे.

एका शब्दाचा प्रवास

‘बांगडा’ हा शब्द घेऊ. इस्कीत तो २०२, २१८, १६२, १८१, १९१, २१८ असा साठवलेला असतो : ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना. युनिकोडमध्ये याच अक्षरांचे दशमान अंक २३४८, २३६६, २३०६, २३२७, २३३७, २३६६ आहेत. क्रम तोच आहे, परंतु वजाबाकी केली तर व्यंजनांसाठी २१४६, कान्यासाठी २१४८ आणि अनुस्वारासाठी २१४४ असा फरक येतो, आणि ‘र’ पासून पुढच्या व्यंजनांना तर २१४५ लागतो. त्यामुळे ‘एक ठरावीक संख्या मिळवा’ असा उपाय चालत नाही. पूर्ण तक्ता वापरावा लागतो. हा तक्ता नव्याने बसवण्याची गरज नाही. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ हे कोड पेज आहे, आणि आयसीयू या मुक्त सॉफ्टवेअर-संचातही इस्कीचे रूपांतर उपलब्ध आहे. आम्ही दोन्ही मार्गांनी रूपांतर करून निकाल एकमेकांशी ताडून पाहिले, कारण दुहेरी हलन्तासारख्या खास जागी रूपांतरकांचे वागणे डोळ्यांनी पाहिलेले बरे.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा होती अर्ध्या ‘र’ची. किनारपट्टीच्या कोशात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द येणारच. इस्कीत पहिल्यात २०७ आणि दुसऱ्यात २०८ हा अंक असतो, बाकी सर्व अंक सारखे. युनिकोडमध्ये दुसरे रूप नुक्तावाल्या ऱ आणि हलन्ताने लिहिता येते, आणि साध्या र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. कोशात पहिली पद्धत सर्वत्र एकसारखी ठेवण्याचा निर्णय घेतला, कारण ती मूळ फाइलींशी जुळते.

नॉन-डॉक्युमेंट पद्धतीचा एक त्रास मात्र होता. तीत ओळ आपोआप मोडत नाही, म्हणून टंकलेखकाने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबला होता, आणि लांब नोंदी चार-पाच तुकड्यांत विभागल्या गेल्या होत्या. सुदैवाने तो शिस्तीचा माणूस असावा : नोंदीची पहिली ओळ समासापासून सुरू होई आणि पुढच्या सर्व ओळी दोन मोकळ्या जागा सोडून. त्या आधारावर ओळी जोडता आल्या.

याहून वेगळा चकवा इंग्रजी उताऱ्यांनी दिला. काही मराठी नोंदींमध्ये गॅझेटियरमधील इंग्रजी वाक्ये होती, आणि ती पुन्हा न टंकता टंकलेखकाने कंट्रोल-के-आर ही आज्ञा देऊन इंग्रजी फाइलीतून थेट आत ओढली होती. त्याबरोबर डॉक्युमेंट पद्धतीच्या खुणाही आत आल्या. परिणामी एकाच फाइलीत आठव्या बिटाचे दोन अर्थ नांदू लागले : मराठी भागात तो अक्षराचा भाग, इंग्रजी भागात केवळ शब्दान्ताची खूण. अशी फाइल सरसकट इस्की समजून रूपांतरित केली, तर रोमन लिपीतील ‘कलेक्टर’ या शब्दाच्या शेवटच्या ‘आर’चे ११४ हे मूल्य १२८ ने वाढून २४२ झालेले असते आणि त्या जागी देवनागरी ‘१’ उमटतो. ‘बोट’च्या शेवटी ‘३’ येतो, आणि इंग्रजीतील सर्वांत वापरला जाणारा ‘द’ हा शब्द ओकाराची मात्रा घेऊन संपतो. संकलकांनी इंग्रजी शब्दांपुढे तळटीपांचे क्रमांक दिले असावेत, असा समज सहज व्हावा इतके हे नीटनेटके दिसते. रोमन अक्षराला लागूनच १२८ किंवा त्याहून मोठा अंक आणि त्यानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असेल, तर फक्त त्या एका बाइटचा आठवा बिट काढायचा, असा नियम केल्यावर हे उतारे सरळ झाले.

खरवडलेल्या फ्लॉपीच्या नोंदी

आता ‘प’ ते ‘भ’. सीडीवरच्या मजकुरात प्रत्येक मराठी अक्षराच्या बाइटमधून १२८ वजा झालेले होते. ‘बांगडा’ तेथे ‘जे, झेड, दुहेरी अवतरणचिन्ह, ५, प्रश्नचिन्ह, झेड’ असा दिसत होता. १२८ परत मिळवले की मराठी परत येते, आणि मोकळी जागाही अडचण करत नाही, कारण तिच्याशी टक्कर घेणारे अक्षर इस्कीत नाही. प्रश्न येतो तो मुळातच १२८ च्या खाली असलेल्या चिन्हांचा; म्हणजे विरामचिन्हे, इंग्रजी आकडे आणि रोमन अक्षरे यांचा. ती बदलली नाहीत, पण आता ती मराठी अक्षरांसारखीच दिसतात.

येथे तक्त्याकडे बारकाईने पाहण्याचा फायदा झाला. पूर्णविरामाची टक्कर ‘ऍ’ या अक्षराशी होते, आणि ते शब्दाच्या आरंभी येणारे अक्षर बोलीच्या कोशात जवळजवळ नसतेच. म्हणून सर्व टिंबे पूर्णविराम मानली आणि अपवाद हाताने तपासले. स्वल्पविराम ‘ए’शी भिडतो, पण स्वल्पविरामानंतर मोकळी जागा असते आणि मराठी शब्द ‘ए’ने सुरू होतात, क्वचितच संपतात. कंस मात्र छळतात. उघडा कंस म्हणजे ‘उ’ आणि बंद कंस म्हणजे ‘ऊ’. उघडा कंस शब्दाच्या आरंभी येतो आणि ‘उधाण’मधला ‘उ’ही, बंद कंस शब्दाच्या अखेरीस येतो आणि ‘भाऊ’मधला ‘ऊ’ही. जागेवरून निवाडा करण्याची युक्ती नेमकी येथे निकामी ठरते. कंसांच्या जोड्या लावणे, आणि ‘उ’ धरून वाचलेला शब्द इतर फाइलींत सापडतो का हे पाहणे, अशा दोन चाळण्या लावल्या. तरीही ज्या जागा उरल्या त्या माणसानेच वाचून ठरवल्या.

माशांच्या शास्त्रीय नावांबद्दल सर्वांत जास्त भीती होती, कारण संकलकांनी शक्य तेथे ती रोमन लिपीत दिली होती आणि १२८ मिळवल्यावर त्यांची देवनागरीत चटणी होत होती. पण उपाय तक्त्यातच मिळाला. इस्कीत २३५ ते २३८ हे अंक कोणत्याही अक्षराला दिलेले नाहीत. त्यांतून १२८ वजा केले की लहान लिपीतील रोमन के, एल, एम आणि एन मिळतात. म्हणजे खरवडलेल्या मजकुरात यांपैकी एकही लहान अक्षर असलेला शब्द मराठी असूच शकत नाही. बांगड्याचे शास्त्रीय नाव रास्ट्रेलिजर कानागुर्टा. त्याच्या पहिल्या शब्दात दोन एल, दुसऱ्यात के आणि एन. लॅटिन नावांपैकी बहुसंख्य या एका नियमाने वेगळी झाली. राहिलेल्यांसाठी दुसरा नियम असा की लहान ‘ए’पासून ‘जी’पर्यंतची अक्षरे मात्रांची असतात, आणि मराठीत दोन मात्रा लागोपाठ येत नाहीत किंवा शब्दाच्या आरंभी येत नाहीत.

हे सर्व बरोबर झाले की नाही, हे तपासण्यासाठी एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला. वर्डस्टार फाइल पुन्हा साठवताना आधीची आवृत्ती ‘बॅक’ या शेपटीने ठेवून देई. दुसऱ्या एका सुस्थितीतील फ्लॉपीवर ‘ब’च्या काही नोंदींची अशी जुनी आवृत्ती आठव्या बिटासह शिल्लक होती. पुनर्रचित मजकूर आणि ही आवृत्ती यांची बाइटवार तुलना केली, तेव्हा जे फरक दिसले ते जवळजवळ सगळे संकलकांनी नंतर केलेल्या सुधारणांचे होते. उरलेले फरक कंसांचे होते, आणि त्यांवरून कंसांचा नियम आणखी घट्ट करता आला.

फॉन्टमध्ये कोंडलेला मजकूर

तिसऱ्या गटाचे तत्त्वच वेगळे. विंडोजच्या काळात श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा निरनिराळ्या संचांचे फॉन्ट मराठी छपाईत वापरले जात, आणि त्यांच्या फाइलींमध्ये अक्षर नव्हे तर अक्षराचा आकार साठवलेला असे. ‘निश्चित’ या शब्दात ‘श्चि’ची पहिली वेलांटी अर्ध्या ‘श’च्याही आधी लिहिलेली सापडते, कारण कागदावर ती तेथेच दिसते, ‘मूर्ती’मधला रफार उलट ‘ती’च्या नंतर येतो. फॉन्ट बदलला की तक्ता बदलतो, आणि फॉन्टचे नाव हरवले तर मजकूर हरवल्यासारखाच असतो.

पेजमेकर ६.५ ची फाइल उघडण्यासाठी इनडिझाइन या नंतरच्या पान-मांडणी प्रणालीची सीएस६ ही आवृत्ती लागली, कारण त्यानंतरच्या आवृत्त्यांमधून पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय काढून टाकली आहे. ज्यांच्याकडे अशा फाइली पडून आहेत आणि सीएस६ चालणारे एखादे यंत्रही आहे, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. इंटरनेटवरील तयार रूपांतरकांनी मजकुराचा मोठा भाग नीट दिला, परंतु हिंदी फॉन्टांसाठी बनवलेल्या रूपांतरकांना मराठीचा अर्धा ‘र’ ठाऊक नसतो. त्यांनी ‘दऱ्या’चे ‘दर्या’ केले, आणि शुद्धलेखन-तपासणीला त्यात काहीच खटकले नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. प्रस्तावना थोड्याच पानांची असल्यामुळे अखेर ती पीडीएफच्या छापील प्रतिमेशी ओळीओळीने ताडून पाहिली.

काय सोपवले, काय बाजूला ठेवले

डॉसच्या व्यवस्थेत फाइल पुसली म्हणजे यादीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर २२९ या अंकाने बदलते. मजकूर बराच काळ तबकडीवर राहतो. प्रतिमांमध्ये अशा पुसलेल्या फाइली दिसत होत्या, आणि त्यांतील काही खाजगी पत्रे होती हे पहिल्या ओळीवरूनच कळत होते. माणसाने स्वतः पुसलेले पत्र केवळ तांत्रिक दृष्ट्या वाचता येते म्हणून वाचावे, हे आम्हाला मान्य नाही. कन्येला या फाइलींचे अस्तित्व सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोपवला. तिने कोशाच्या पुसलेल्या मसुद्यांपुरतीच परवानगी दिली.

कोशाचा मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची प्रचलित पद्धत) मधील साध्या पाठ्य-फाइलींच्या स्वरूपात आणि संपादनासाठी ओडीटी स्वरूपात दिला. अक्षरवार फाइलींचा संकलकांनी ठेवलेला क्रम बदलला नाही : युनिकोडच्या अंकक्रमाने यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर असतो. प्रत्येक नोंदीला ती कोणत्या फ्लॉपीवरील कोणत्या फाइलीतून आली याचा संदर्भ जोडला, आणि सीडीवरून पुनर्रचित केलेल्या नोंदींना वेगळी खूण केली, म्हणजे छापताना संपादकाला त्यांच्याकडे अधिक सावधपणे पाहता येईल. जेथे ‘उ’ की कंस हा निवाडा पुराव्याने होऊ शकला नाही, तेथे दोन्ही वाचने शेजारी दिली आहेत. त्यांपैकी बरेच शब्द होड्यांच्या भागांची नावे असल्यामुळे ते त्या गावांतील जुन्या सुतारांना विचारून ठरवायचे, असे कन्येने मान्य केले आहे. खरवडलेली फ्लॉपी पुन्हा पुसण्याचा किंवा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न तूर्त थांबवला असून ती मूळ आवरणासह, कोरड्या डब्यात, जिस्ट कार्डाशेजारी ठेवली आहे.